बांधाचा खर्च कुणाच्या नावावर?

प्रपोजल सादर करायच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी हसत विचारलं, "राहता चिंचवडला आणि इतिहास लिहिणार किनाऱ्याच्या धुपेचा? तुमच्याकडे समुद्र कुठाय?" तेव्हा मी काहीतरी पुटपुटले. नीट उत्तर सुचायला पुढे वर्ष गेलं. ते इथे लिहून ठेवते, कारण तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, आणि "विषय कसा सापडतो?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो.

चिंचवडकरांना पाण्याची रेषा समजावून सांगावी लागत नाही. पवना धरणातून विसर्ग वाढला की मोरया गोसावी मंदिराच्या आवारात पाणी शिरतं, हे इथलं लहान पोरही सांगेल. या पाण्यासाठी नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. २०२५च्या मे महिन्यात आपल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. म्हणजे नदीकाठची रेषा नुसती कागदावर राहत नाही, तिच्यामागून जेसीबी येतो.

आता किनाऱ्यावर चला. तिथेही अशी रेषा आहे, तिला धोकारेषा म्हणू. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत ती आली. २०१९च्या अधिसूचनेने बांधकामाच्या बंदीपासून तिला वेगळं काढलं. आता ती आपत्ती नियोजनासाठी वापरायची आहे. तेच पाणी, तसाच नकाशा, पण रेषेचं वजन वेगळं. का वेगळं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि त्याचं उत्तर शोधत मी पोचले अलिबागच्या भातशेतीत. समुद्राबद्दल वाचायला बसलेली मी दोन महिने भाताचे हिशेब वाचत होते!

रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणच्या खाड्यांलगत खारेपाट नावाचा पट्टा आहे. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीला किंवा तिच्याही खाली आहे. मधे मातीचा बांध घातला, खारं पाणी बाहेर अडवलं, पावसाच्या पाण्याने दोन-तीन वर्षं मीठ धुऊन काढलं, की तिथे भात पिकतं. बांधात जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते बाहेर ढकलतं आणि भरतीला आपोआप बंद होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेतात खारं पाणी, आणि पुढची दोन-तीन पिकं गेली. त्यामुळे बांध ही एकदा बांधून विसरायची गोष्ट नव्हती. दर वर्षी त्याला माती लागायची, माणसं लागायची. म्हणजे पैसा लागायचा.

तो कुठून यायचा? १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये खाऱ्या भातजमिनींचे दोन प्रकार दिलेत: शिलोत्री आणि कुळारगी. शिलोत्री जमिनीचा बाहेरचा बांध शिलोत्रीदाराने घातलेला असे आणि दुरुस्तीची जबाबदारीही त्याचीच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आंग्र्यांच्या काळात, ऐपत असलेल्या लोकांनी भांडवल घालून असे बरेच बांध घातले. बदल्यात त्यांना शेतकऱ्याकडून, सरकारी साऱ्याशिवाय, बिघ्यामागे साधारण एक मण भात मिळायचं. याचं नावच शिलोत्री मण. कुळारगी जमिनीत शिलोत्रीदार नाही, म्हणून मणही नाही. तिथला बांध राखणं सरकारकडे.

इथे जरा थांबा. आपण 'कोस्टल प्रोटेक्शन फंड' वगैरे शब्द आजचे समजतो. आणि इथे अडीचशे वर्षांपूर्वी किनारासंरक्षणासाठी स्वतंत्र, नाव असलेली, क्षेत्रफळावर आकारलेली वसुली आहे. भातात मोजलेली, पण हेतू लिहिलेला. मला हे वाचून अक्षरशः खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं. (अर्काईव्हमध्ये उठून नाचता येत नाही, फक्त चहाला जाता येतं.)

पण या व्यवस्थेची गोम तिच्या मापातच आहे. मण बिघ्यावर आकारला जातो. म्हणजे बांधाच्या आत ज्याची भाताची जमीन, त्याच्यासाठीच बांध. बांधाबाहेर, खाडीच्या तोंडाशी किंवा समोरच्या वाळूवर जो राहतो, जाळी वाळवतो, होडी ओढतो, तो या हिशेबात नाहीच. तो मण देत नाही, म्हणून त्याच्या समोरच्या वाळूला बांध नाही. कुणी दुष्टपणे त्याला वगळलं असं मला म्हणायचं नाही. मापच असं होतं की त्यात तो मावत नव्हता. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

विसाव्या शतकात हाच खारेपाट शेतकरी चळवळीमुळे गाजला. अलिबागजवळच्या चरी गावचा संप तुम्ही नेट-सेटसाठी एका ओळीत पाठ केला असेल: १९३३ ते १९३९, नेते नारायण नागू पाटील, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा. खोताला द्यायच्या वाट्याविरुद्ध पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायचं बंद केलं, ते जवळपास सहा वर्षं. १९३७ साली आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि १९३९ साली कुळकायदा आला. आपण हा संप वर्गसंघर्ष म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण एकदा तो बांधावर उभं राहून बघा. ज्या जमिनीला दर वर्षी माती घालावी लागते, तिथे सहा वर्षं नांगर चालला नाही, तर बांधाला माती घालायला कोण जाणार? कोरडवाहू रानात संप मिटला की माणूस तेच शेत परत नांगरतो. खारजमिनीत संप करणारा स्वतःचं शेत समुद्राच्या तोंडी ठेवून बसलेला असतो. चरीच्या लोकांनी काय पणाला लावलं होतं हे मला तरी उघाडीची यंत्रणा समजल्यावरच कळलं.

पुढची पायरी १९४८. त्या वर्षी मुंबई राज्यात दोन कायदे झाले आणि ते दोन वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात. एक कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, दुसरा खारजमीन कायदा. पहिल्याने जमीनमालकाच्या खंडावर मर्यादा आणली. दुसऱ्याने बांधांची कामं हाती घेण्यासाठी खारजमीन विकास मंडळ नेमलं. माझं म्हणणं असं की हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. खंडच आटला तर मालक बांधावर खर्च कशाला करेल? १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनाला, कसणारा मालक मानला गेला. जमीन छोट्या छोट्या तुकड्यांत शेकडो कुटुंबांच्या नावावर आली, आणि ते फार मोठं काम झालं यात शंका नाही. पण बाहेरचा बांध मात्र एकच, सलग, मैलभर लांब. त्याला तुकडे पाडता येत नाहीत. मण गोळा करणारा गेला आणि बांध उरला. १९७९ साली नवा खारजमीन विकास कायदा करून राज्याने तो भार बराचसा स्वतःकडे घेतला.

'बराचसा' हा शब्द मुद्दाम वापरला. कारण आजही रायगडमध्ये 'शासकीय योजना' आणि 'खासगी योजना' असे दोन शब्द तुम्हाला ऐकू येतील. ज्या बांधांची योजना शासनाने ताब्यात घेतली नाही, त्याची खांड भरायला सरकारी पैसा मिळवणं म्हणजे आधी 'ही योजना आमच्याकडे घ्या' म्हणून अर्ज करत बसणं. कुळारगी आणि शिलोत्री हा जुना भेद नाव बदलून ऑफिसात बसलाय असं मला वाटतं. माझ्या गाईडना हे वाक्य फार धाडसी वाटतं. असो.

आणि खांड भरायला उशीर झाला तर? खारं पाणी आत येतं, त्याबरोबर तिवरांच्या बिया येतात. दोन-चार वर्षांत शेतात तिवरं उभी राहतात. तिवरं तोडायला मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५चा आदेश त्याबाबत स्पष्ट आहे आणि त्यामागची कारणंही भक्कम आहेत, कारण तिवरं स्वतःच लाटांचा जोर मोडतात. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. सातबारा त्याच्या नावावर, उभं पीक तिवरांचं, आणि बांध फुटला तो त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने. अशा जमिनीला मग विकत घ्यायला कुणी आलं तर तो काय भावाने विकेल? पेण-उरण भागात महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायचा प्रयत्न झाला आणि २००८च्या सप्टेंबरमध्ये पेणच्या २२ गावांत त्यावर जनमत घेतलं गेलं. त्या वादाबद्दल वाचताना बांधांची अवस्था हा मुद्दा बाजूला टाकू नका.

आता तो धागा परत घ्या: वाळूवर राहणारा माणूस.

अर्काईव्ह असो की मंत्रालयाची वेबसाइट, शोध घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 'बांध' शोधलात तर भात सापडेल. 'बंधारा' शोधलात तर घरं सापडतील. खारभूमीचा बांध जलसंपदा खात्याच्या हिशेबात येतो. कोळीवाड्यापुढचा दगडी 'धूपप्रतिबंधक बंधारा' पत्तन विभाग आणि १९९६ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या फाइलींत. एकाच गावाच्या मागच्या अंगाला खाडी आणि पुढच्या अंगाला समुद्र असेल, तर त्याच गावाच्या दोन बाजूंचे कागद दोन खात्यांत मिळतात, आणि ती खाती एकमेकांशी बोलतात असं कागदांवरून तरी दिसत नाही. मी पहिल्या वर्षी फक्त 'बंधारा' शोधत राहिले आणि "महाराष्ट्रात १९६०च्या आधी किनारासंरक्षण जवळजवळ नव्हतंच" असं एक वाक्य प्रकरणात ठोकून दिलं. ते खोडावं लागलं. शब्द चुकला की शतकं गायब होतात.

केंद्राचं लक्ष इकडे कधी गेलं? १९६६ साली केंद्र सरकारने समुद्रकिनारा धूप मंडळ नेमलं, ते मुख्यतः केरळसाठी. १९९५ साली त्याची फेररचना होऊन केंद्रीय जल आयोगाच्या छायेत सगळ्या किनारी राज्यांसाठी सल्लागार समिती झाली. म्हणजे केरळची ओरड तीस वर्षं आधी दिल्लीत पोचली होती. आपल्याकडची धूप तेवढी सरसकट नाही हेही खरं. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९०पासूनच्या उपग्रहचित्रांवरून काढलेल्या अंदाजात देशाचा साधारण एक तृतीयांश किनारा खचतोय, महाराष्ट्राचा साधारण पाव. पाव म्हणजे कमी वाटतं. पण सरासरीत पालघरचं सातपाटी दिसत नाही, रत्नागिरीचं मिऱ्या दिसत नाही. ज्याचं घर त्या पावात आहे त्याच्यासाठी ते शंभर टक्के असतं.

बरं, पैसा. आपत्ती आली की मदत देण्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. त्यातून कशाकशासाठी खर्च करता येतो याची केंद्राची यादी आहे: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाडीसारखा कीडहल्ला, थंडीची लाट. किनाऱ्याची धूप या यादीत नाही. राज्यांना निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग आपल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरायची मुभा आहे. महाराष्ट्राने त्या मुभेखाली अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, आकस्मिक आग आणि 'समुद्राचे उधाण' यांना आपत्ती मानलं.

उधाण आहे, धूप नाही. हा फरक मला सगळ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. उधाणाला तारीख असते. अमुक तिथीला, अमुक वाजता, पाणी घरात शिरलं. तलाठी येतो, पंचनामा होतो, नुकसानीचा आकडा लिहिला जातो. धुपेला तारीख नसते. गेल्या वर्षी पायरीपासून वीस पावलांवर असलेली वाळू यंदा बारा पावलांवर आली, तर पंचनामा कुठल्या दिवसाचा करायचा? ज्या रात्री भिंत पडते त्या रात्रीचा. म्हणजे वीस वर्षं चाललेलं नुकसान सरकारी कागदात फक्त शेवटच्या रात्री जन्माला येतं. आणि घर पडल्यावर मिळते ती मदत. घर पडू नये म्हणून मिळायला हवा होता तो निधी नव्हे.

पंधराव्या वित्त आयोगाने ही फट पाहिली. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यांनी धूप रोखण्याच्या उपायांसाठी १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची स्वतंत्र शिफारस केली. यात नदीकाठची धूपही येते, म्हणजे आसामची ब्रह्मपुत्राही याच रकमेत. तरी 'धूप' या शब्दासमोर पहिल्यांदा स्वतःचा आकडा लिहिला गेला, आणि तोही दोन वेगळ्या कामांसाठी. पहिला म्हणतो जमीन वाचवा, दुसरा म्हणतो माणूस हलवा. यातलं कुठे काय करायचं, हे ठरवणारं माप कुठलं? संशोधनाला विषय हवाय ना? हा घ्या. अजून मोकळा आहे.

शेवटी मिऱ्याकडे जाते, कारण नियोजनाचा सगळा गुंता तिथे एका किलोमीटरमध्ये बघायला मिळतो. २०१० साली आशियाई विकास बँकेने कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी २५ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जकार्यक्रमाला मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यात कर्नाटकचं उल्लाळ आणि आपलं मिऱ्या. या कार्यक्रमाचा भर दगडी भिंतींवर कमी आणि 'मऊ' उपायांवर जास्त होता: समुद्रात थोडं आत बुडीत रीफ घालून लाट तिथेच मोडायची, आणि किनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून भरायची. कारण सरळ आहे. उभ्या भिंतीवर आपटून लाट परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि भिंत जिथे संपते तिथून पुढच्या वाडीची धूप वाढते. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत लाटांच्या टाक्यांत छोट्या प्रतिकृती करून हेच तपासतात. संस्था १९१६पासूनची. चिंचवडहून तासाभराच्या अंतरावर किनाऱ्याचं भवितव्य टाकीत ढवळलं जातं, हे त्या सरांना सांगायचं राहूनच गेलं.

उल्लाळला समुद्रात रीफ उभे राहिले. मिऱ्याला पुढच्या काळात पत्तन विभागामार्फत पांढरा समुद्र ते मिऱ्या असा सुमारे साडेतीन किलोमीटरचा, दीडशे कोटींच्या पुढचा, दगड आणि टेट्रापॉडचा बंधारा हाती घेतला गेला. मधे जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज याच किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच रुतून बसलं होतं. फोटो तुम्ही पाहिला असेल.

पुन्हा दगडच का? "ठेकेदारी" असं एका शब्दात उत्तर द्यायचा मोह होतो, पण ते आळशी उत्तर आहे. कामाच्या मोजमाप पुस्तकाचा विचार करा. दगड घनमीटरमध्ये मोजता येतो, टेट्रापॉड नग मोजता येतो, काम 'पूर्ण' झाल्याची तारीख लिहिता येते. भरलेली वाळू पावसाळ्यात थोडी जाते, मग पुन्हा भरावी लागते, दर काही वर्षांनी. अंदाजपत्रकात हा खर्च कधीच संपत नाही, आणि लेखापरीक्षकाला दाखवायला जागेवर काही उरतही नाही. दर वर्षी माती घालणारा शिलोत्री मण असल्या कामासाठीच होता. पण त्याच्या जागी आता एकदाच मिळणारं अनुदान आहे. शिवाय गावकऱ्यांनाही दगडच हवा असतो हे विसरू नका. रात्री झोपताना डोळ्यांना दिसणारी भिंत हवी असते, समुद्राखाली बुडालेला रीफ नव्हे. शहरात बसून 'मऊ उपाय चांगले' म्हणणं सोपं आहे, आणि मी ते बरीच वर्षं म्हणत आलेय.

फिल्डवर्कला जाल तेव्हा अशा बंधाऱ्यावर उभं राहून उंची-लांबी विचारण्याआधी एक बघा: भिंतीत फटी कुठे ठेवल्यात. कोळ्याला होडी पाण्यात लोटायला आणि वर ओढायला उतरण लागते. आराखड्यात ती असेल तर कुणीतरी त्याला विचारलं होतं. नसेल तर होड्या कुठे लावल्यात ते शोधा, तिथवर चालत जा, आणि तिथे बसलेल्या माणसाला विचारा की बंधाऱ्याच्या बैठकीचा निरोप त्याला आला होता का. माझ्या चौथ्या प्रकरणाची प्रश्नावली याच प्रश्नाने सुरू होते.